जनरल शर्मनच्या पायथ्याशी : सिकोया राष्ट्रीय उद्यानातील पायवाटेविषयी अभिप्राय

कॅलिफोर्नियातील सिकोया राष्ट्रीय उद्यानात जनरल शर्मन या वृक्षापर्यंत नेणारी सुमारे अर्ध्या मैलाची उतरती पायवाट गेल्या उन्हाळ्यात मी आईसोबत पाहिली. जगातील सर्वांत मोठे झाड कशाला म्हणायचे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने येथे निदान दोन तास काढावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

वडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला मोठे झाड म्हटले की विस्तारच आठवतो, आणि त्या मापाने आंध्र प्रदेशातील तिम्मम्मा मर्रिमानु हा वटवृक्ष थोर आहे. उंचीत कॅलिफोर्नियातीलच हायपेरियन हा किनारपट्टीचा रेडवुड ११५ मीटरांच्या वर जातो, तर बुंध्याच्या जाडीत मेक्सिकोतील तुले येथील वृक्ष शर्मनला मागे टाकतो. ८३.८ मीटर उंचीच्या शर्मनचा पहिला क्रमांक लागतो तो खोडाच्या घनफळामुळे, जे १९७५ च्या मोजणीत सुमारे १,४८७ घनमीटर भरले. निरनिराळ्या उंचीवर खोडाचा व्यास घ्यायचा, दोन मापांमधला भाग छाटलेल्या शंकूसारखा धरायचा आणि सगळ्या भागांची बेरीज करायची, असा हा हिशेब असतो. जमिनीलगत सर्वाधिक ११.१ मीटर असलेला व्यास १८ मीटर उंचीवर ५.३ मीटर होतो, पण तेथून आणखी ३७ मीटर वर गेल्यावरही तो ४.३ मीटरच्या आसपास टिकून असतो. खरे रहस्य या न निमुळत्या होणाऱ्या खोडात आहे. २००६ साली जवळजवळ दोन मीटर जाडीची फांदी तुटून पडली, तरी या वृक्षाचे स्थान ढळले नाही, कारण मोजले जाते ते खोड.

पायवाटेवर मध्येच एका सज्जावजा जागी बुंध्याचा आकार फरसबंदीत आखलेला आहे. आईने त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावले मोजली, अठरा भरली. पुढे प्रत्यक्ष झाडासमोर उभी राहिल्यावर ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “अरे, साल तर अगदी काथ्यासारखी दिसते!”

बुंध्याभोवती कुंपण असल्याने हात लावता येत नाही. ते योग्यच आहे, कारण या वृक्षाची मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली असतात आणि लोकांच्या पावलांनी माती दाबली गेली की त्यांना अपाय होतो.

परतीचा चढ मात्र दमवणारा आहे, शिवाय ही जागा २,१०० मीटर उंचीवर असल्याने धाप लवकर लागते. ज्येष्ठांसाठी व चाकाच्या खुर्चीसाठी हमरस्त्यालगतची आखूड वाट आहे. आम्ही परतताना तीच धरली. दुर्बीण आवर्जून सोबत ठेवावी, कारण खोड ५५ मीटरवरही किती जाड आहे, हे नुसत्या डोळ्यांना उमगत नाही.