कमी मिठातले आंबवलेले गरे : काम चोख, लेबल भलतेच

रत्नागिरीतील एका बचत गटाच्या विक्री केंद्रातून मी मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या फणसाच्या गऱ्यांच्या दोन बरण्या घेतल्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी म्हणून खारातले गरे आमच्याकडे पूर्वापार होतात; परंतु त्यांत मीठ इतके असते की रात्रभर पाण्यात ठेवले तरी भाजी खारटच लागते. या बरणीत मीठ केवळ 5 टक्के असून उरलेली राखण लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंच्या विरजणावर सोपवली आहे.

हा बदल केवळ चवीचा नाही. कैरी मुळातच आंबट असते, कच्चा फणस तसा नसतो. आणि मीठ कमी केलेल्या अशा पदार्थात, बरणीतल्या हवाबंद जागी, बॉटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष निर्माण करणाऱ्या जिवाणूला वाढण्यास वाव मिळतो. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली उतरला की त्याची वाढ थांबते, म्हणून विरजणाने आंबटपणा लवकर आणणे येथे महत्त्वाचे. माझ्या सामूमापकावर दोन्ही बरण्यांचा खार 3.8 आणि 3.9 भरला. गरे एकदाच धुऊन, काळे वाटाणे व ओले खोबरे घालून केलेली भाजी घरात सर्वांना आवडली. गरे मऊ पडले नव्हते.

लेबलवर मात्र ‘पोटासाठी उपकारक जिवाणू’ असे ठळक छापले आहे. गरे आपण शिजवून खातो आणि शिजल्यावर ते जिवाणू जिवंत राहत नाहीत. त्यांचे काम बरणीतच उरकलेले असते. (लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हे विरजणातल्या जिवाणूचे छापलेले नाव 2020 साली बदलून लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम झाले, पण तेवढे मी माफ करतो.) बरणी भरतेवेळचा सामू आणि उघडल्यानंतर ती फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना, हे दोन्ही लेबलवर नाही. दुसरी बरणी उघडून आठवडाभर ओट्यावर राहिली तेव्हा खारावर यीस्टचा पांढरा थर धरला. हे यीस्ट आम्लच खाऊन टाकते, त्यामुळे सामू 4.3 वर चढला होता. मी ती बरणी टाकून दिली.

केंद्रातील ताईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी प्रत्येक घाण्याचा सामू लिहिलेली वही पुढे केली. तारखा, आकडे, सगळे व्यवस्थित होते. त्या वहीतला एक आकडा बरणीवर आला, तर पुढच्या मे महिन्यात मी चार बरण्या घेईन.