टिळकवाडीतला इंग्लिश निबंधाचा क्लास : शिकवणं लई भारी, झेरॉक्स मात्र देवाला माहीत

नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण हाय. बेळगावात टिळकवाडीला स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी इंग्लिश निबंधाची वीकेंड बॅच चालते, तिच्याबद्दल लिहितोय. आपली मराठी मीडियमची पोरं अग्रलेखातले मोठे मोठे शब्द वहीत उतरवून पेपरात ओततात, इथं पहिली ती खोड मोडतात.

मॅडमचं म्हणणं, इंग्रजी लेखक मोठ्या प्रश्नाला आधी एक रूप देतात आणि मग उपायही त्याच वाटेनं जातो. 1964 ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीशी युद्ध पुकारलं. 1971 ला त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कॅन्सरसाठी 10 कोटी डॉलर जादा मागितले तेव्हा अणू फोडला, माणूस चंद्रावर नेला तसाच जोर लावू म्हणाले. आता चंद्र एकच, कुठं हाय ते पण ठाऊक, कॅन्सर म्हणजे कितीतरी वेगवेगळे आजार, तिथं तो हिशोब कसा लागणार? स्वतः कॅन्सर झेललेल्या अमेरिकन लेखिका सुझन सोंटागनी 1978 ला या युद्धाच्या भाषेवरच झोड उठवली होती. पण मला भारी वाटला तो 2011 चा अमेरिकेतला प्रयोग, एका गटाला गुन्हेगारी म्हणजे हिंस्र जनावर आणि दुसऱ्याला तीच व्हायरस म्हणून वाचायला दिली, आकडे तेच, तरी जनावरवाले जास्त करून पोलीस आणि जेल म्हणाले, व्हायरसवाल्यांत सामाजिक सुधारणा मागणारे वाढले.

सराव म्हणून 2019 चा पूर दिला. माझ्या शेजारच्या निपाणीच्या पोरानं निसर्गाचं तांडव वगैरे झकास इंग्लिश ठोकलं, मॅडमनी लाल पेननी ते खोडून बाजूला लिहिलं, पाणी कुठनं आलं, कुठं अडलं? मग त्यानं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तिथनं साधं सरळ लिहिलं आणि तेच वाचावंसं वाटलं. आमच्या शहापूरकडच्या शेतकऱ्याला विचारा की, बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं की तो निसर्गाला नाही, गाळ न काढणाऱ्याला शिव्या घालतो.

मॅडम जरा अति करतात हे पण खरं. 1940 ला चर्चिल रक्त, घाम म्हणाले तेव्हा युद्ध खरंच दारात होतं, ते पण मॅडमच्या युद्धाच्या भाषेच्या यादीत कशाला? आणि सीमाप्रश्न घ्या म्हटलं की विषय बदलतात. उदाहरण तर घरचंच होतं, इंग्लिश पेपरात तो दोन राज्यांचं भांडण म्हणून येतो, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय वगैरे, 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून यात अडकलेला इथला माणूस त्यात कुठं दिसतच नाही.

बाकी फी आधीच पूर्ण घेतात, पावती मागून घ्यावी लागते, नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की अर्ध्या ओळी अंदाजानं वाचायच्या. पाचपैकी चार स्टार. रविवारची बॅच नको, गर्दी लई, वही तपासायला मॅडमना वेळच मिळत नाही, शनिवारची घ्या.