ड्राइव्ह "नवीन", पट्टी मात्र माझीच

लॅपटॉपचा डीव्हीडी रायटर, म्हणजे कोऱ्या डिस्कवर व्हिडिओ उतरवणारा ड्राइव्ह, दुरुस्तीला टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचून घ्या. माझे ३,१५० रुपये गेले, वर जळगावच्या चकरा वेगळ्या.

मी अमळनेरचा, लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगची कामं घेतो. आता पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कोण मागतं म्हणाल, तर खेड्यावर मागतात भो. म्हातारीला प्लेअरचं एक बटण दाबता येतं, पेनड्राइव्हमधलं फोल्डर शोधता येत नाही, आणि नातीचं लग्न तर तिला रोज बघायचं असतं.

तर ऐन मे महिन्यात रायटर बिघडला. डीव्हीडी राइट मारायला लावली की साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जायचं आणि एरर देऊन ट्रे बाहेर, डिस्क वाया. एका रात्रीत सात डिस्क फेकल्या. गंमत म्हणजे पिक्चरची डीव्हीडी लावली की मस्त चालायची, गाण्यांची सीडी राइट मारली तर तीही व्हायची, फक्त डीव्हीडी राइट होत नव्हती. मला वाटलं मोठाच बिघाड आहे, म्हणून सकाळच्या गाडीने लॅपटॉप घेऊन जळगाव गाठलं.

दुकानदार इतका गोड माणूस की काय सांगू. आधी चहा मागवला, मग पाच मिनिटं लॅपटॉप इकडून तिकडून पाहिला आणि म्हणे, "लेझर गेला भाऊ याचा, रायटर नवीनच टाकावा लागेल. दोन हजाराचा आहे, पण तुम्ही एवढ्या उन्हात अमळनेरहून आले म्हणून अठराशे द्या, उद्या घेऊन जा." दुसऱ्या दिवशी गेलो तर माझ्यासमोर पिक्चरची डीव्हीडी लावून दाखवली, चालली. कोरी सीडी टाकून दोन गाणी राइट मारून दाखवली, झाली. मी खुश. आता हे दोन्ही तर आधीपण होतच होतं ना, पण तेव्हा ते डोक्यातच आलं नाही, उन्हाने डोकं तापलेलं, गाडीची वेळ झालेली. जुना ड्राइव्ह मागितला तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. एका दिवसात! बिल म्हणून वहीचं पान फाडून दिलं, त्यावर नुसतं "ड्राइव्ह १८००".

घरी येऊन कोरी डीव्हीडी टाकली तर विंडोज म्हणतं राइट होणारी डिस्क टाका. अरे तीच तर टाकली आहे! परत टाकली, परत तेच. म्हणजे आधी निदान साठ टक्के तरी जात होतं, आता सुरूच होईना. फोन केला तर म्हणे तुमच्या डिस्क डुप्लिकेट असतील, आमच्याकडून चांगल्या न्या. पुन्हा गेलो, ५० चं पॅक ८५० ला आणलं, तरी तेच रडगाणं. मग म्हणे विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल, ५०० रुपये. तेही दिले. हार्ड डिस्कच्या डी भागातलं शूटिंग वाचलं पण डेस्कटॉपवर एका हळदीचं अर्धं एडिटिंग ठेवलं होतं ते गेलं, त्या पार्टीला काय तोंड दाखवलं ते माझं मला माहीत. वडील ओट्यावर बसले होते, ते एवढंच म्हटले, "आते काय करशी? गयात ना पैसा!"

पुढे भाचा आला सुट्टीत, धुळ्याला डिप्लोमा करतो. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्राइव्हचा मॉडेल नंबर मोबाईलवर टाकून पाहिला आणि म्हणे, "मामा, हा रायटरच नाही. कॉम्बो आहे." मला काय कळेना. त्याने लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, खालचा एकच स्क्रू फिरवला आणि अख्खा ड्राइव्ह बाजूने खणासारखा बाहेर ओढला. वरच्या स्टिकरवर साल २००८. माझा लॅपटॉप २०१२ चा! म्हणजे नवीन म्हणून जो टाकला तो लॅपटॉपपेक्षा चार वर्षं म्हातारा, कुठल्यातरी भंगार लॅपटॉपमधून उपटलेला.

कॉम्बो म्हणजे डीव्हीडी फक्त वाचतो आणि राइट मारायची तर फक्त सीडी. ७०० एमबीची सीडी होईल, ४.७ जीबीची डीव्हीडी जन्मात होणार नाही, मग डिस्क कितीही भारी आणा नाहीतर विंडोज दहा वेळा टाका. आणि त्याने दुकानात नेमकं काय चालवून दाखवलं होतं? डीव्हीडी वाचणं आणि सीडी राइट. माणूस हुशार, मानलं पाहिजे.

पण खरी चीड आली ती पुढच्या पट्टीने. ट्रेच्या तोंडावर जी प्लॅस्टिकची पट्टी असते, जिच्यावर डीव्हीडी आरडब्ल्यूचा (म्हणजे डीव्हीडी राइटसुद्धा होते असा) शिक्का असतो, ती नखाने दाबली की निघते. त्याने माझ्या जुन्या ड्राइव्हची पट्टी काढून या कॉम्बोला बसवली होती. कशावरून? पट्टीच्या कोपऱ्यावर पिवळा डाग आहे, एका हळदीत ओल्या हाताने ट्रे दाबला होता तेव्हाचा, किती पुसला तरी गेला नव्हता. "नवीन" ड्राइव्हवर माझ्या बोटाची हळद!

भाच्याने मग सांगितलं की ड्राइव्हमध्ये सीडीचा आणि डीव्हीडीचा लेझर वेगळा असतो, म्हणून एक चालतो एक नाही असं होतं. आणि वाचायला लेझरची ताकद थोडी लागते, राइट मारायला कितीतरी जास्त, त्यामुळे लेन्सवर धूळ बसली की वाचणं चालू राहतं पण राइट मध्येच फसतं. आमच्याकडे मे महिन्यात धूळ किती उडते ते सांगायला नको. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने लेन्स हलक्या हाताने पुसायची, स्पीड फुल न ठेवता ४एक्स करायचा, चार्जर लावून ठेवायचा, दुसऱ्या कंपनीची डिस्क टाकून बघायची, एवढं आधी करायचं होतं म्हणे. माझा जुना ड्राइव्ह एवढ्यानेच चालला असता का, कोण जाणे. तो आता कोणाच्या लॅपटॉपमध्ये अठराशेला बसला असेल!

ड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो तर चहा नाही की पाणी नाही. "हा आमचा नाहीच, तुम्ही बाहेर बदलून आणला असेल, बिल दाखवा." वहीचं पान दाखवलं तर हसला. त्यावर ना दुकानाचं नाव, ना मॉडेल नंबर. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण त्या कागदावर सांगणार तरी काय, म्हणून गप्प परत आलो. लॅपटॉप देताना आपल्या ड्राइव्हच्या स्टिकरचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला असता तर त्याला बोलायला जागा राहिली नसती, अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

नंतर इथेच अमळनेरला दुसऱ्या दुकानातून यूएसबीचा बाहेरचा रायटर घेतला. पैसे काउंटरवर ठेवले, पण हात वरून काढला नाही. खिशातून कोरी डीव्हीडी काढून दिली, म्हटलं पूर्ण राइट मारून दाखव. पोरगा म्हणे काका, पंधरा-वीस मिनिटं लागतील. म्हटलं लागू दे, बसतो.