फुकेत की समुई? आधी सुट्टीची तारीख बघा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही फुकेतच्या कारोन किनाऱ्यावर पाच दिवस होतो आणि त्या पाच दिवसांत लाल बावटा एकदाही उतरला नाही. पाणी दिसायला सुंदर, पण आत ओढणारं. जीवरक्षक शिट्ट्या मारून लोकांना मागे फिरवत होते. मुलं पाचही दिवस हॉटेलच्या तलावात डुंबली. पुढच्या वर्षी बरोबर त्याच आठवड्यात आम्ही समुईला गेलो आणि तीच मुलं सकाळ-संध्याकाळ समुद्रात होती. एकाच देशातली, थायलंडमधली, फार अंतर नसलेली ही दोन बेटं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी बेटाचं नाव काढण्याआधी विचारते: जाणार कधी?

कारण समजायला आपल्याला सोपं आहे, कारण ते आपल्या घरचंच आहे. फुकेत थायलंडच्या पश्चिमेला, अंदमान समुद्रात. समुई पूर्वेला, थायलंडच्या आखातात. मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्या कण्यावर डोंगर. नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते ऑक्टोबर अंदमानच्या बाजूला पाऊस आणि लाटा आणतात. डोंगर त्यांना अडवतो, म्हणून पलीकडे त्या काळात पाऊस बराच कमी असतो. महाबळेश्वर आणि फलटण यांच्यात जे घडतं, तसंच हे. मग ऑक्टोबरपासून वारे फिरतात. ज्या ईशान्य मोसमी वाऱ्यांनी नोव्हेंबरात चेन्नईला झोडपून काढलं जातं, तेच वारे समुईला भिजवतात. समुईचा सर्वांत ओला महिना नोव्हेंबर. डिसेंबरच्या सुरुवातीलाही खात्री नाही.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर ठेवून बघा. शाळेची उन्हाळी सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. एप्रिलचा पहिला पंधरवडा दोन्हीकडे चालतो, फक्त ऊन कडक. मेच्या मध्यानंतर मी समुईच सांगेन. नाताळची सुट्टी असेल तर फुकेत, पण त्या आठवड्यात हॉटेलांचे दर वर्षातले सर्वांत चढे असतात आणि खोल्या फार आधी भरतात. जानेवारीच्या अखेरपासून मार्चपर्यंत दोन्ही बेटं छान असतात, आणि तुलना खरी तेव्हाच करता येते.

पोहोचण्याच्या बाबतीत फुकेत सरळ पुढे आहे. मुंबईहून थेट विमान मिळतं, सुमारे पाच तासांचा प्रवास. समुईला जायचं तर बँकॉकला उतरून पुढचं विमान धरावं लागतं. समुईचा विमानतळ १९८९मध्ये बँकॉक एअरवेजने स्वतः बांधला. तासाभराच्या अंतराच्या मानाने तिथलं तिकीट महाग पडतं. स्वस्तातला मार्ग म्हणजे बँकॉकहून सुरत थानीपर्यंत विमान, तिथून बसने डोनसाक बंदर आणि पुढे सुमारे दीड तास फेरीबोट. दमवणारा आहे, पण बोटीच्या वरच्या मजल्यावर उभं राहून समुई हळूहळू जवळ येताना बघणं मला त्या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडलं. सोबत सत्तरीपुढचे आईवडील असतील तर मात्र विमानाचेच पैसे मोजा. आणि एक जपा: बँकॉकला दोन विमानतळ आहेत. समुईची विमानं बहुतेक सुवर्णभूमीहून सुटतात, सुरत थानीची स्वस्त विमानं बहुतेक डॉन मुआंगहून. दोघांच्या मध्ये बँकॉकची वाहतूक आहे, तेव्हा हातात भरपूर वेळ ठेवा.

फुकेत हे थायलंडचं सर्वांत मोठं बेट. पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं असल्यामुळे ते बेट वाटतच नाही, एखादा जिल्हा वाटतो. विमानतळ उत्तर टोकाला आणि प्रसिद्ध किनारे पश्चिमेला खाली. पातोंगपर्यंत पोहोचायला तास सहज जातो. राहायची जागा चुकली तर सुट्टी टॅक्सीत जाते आणि टॅक्सी स्वस्त नाहीत. ग्रॅब किंवा बोल्ट हे ॲप वापरा. विमानतळाहून पश्चिम किनाऱ्यांवरून खाली रावाईपर्यंत जाणारी स्मार्ट बसही आहे. मुलं असतील तर पातोंगमध्ये राहू नका, रात्री तिथला आवाज थांबत नाही. काता किंवा कारोनला राहा. समुईला बेटाभोवती एकच वर्तुळाकार रस्ता आहे, साधारण पन्नास किलोमीटरचा. सकाळी निघून धबधबा, देवळं, दुपारचं जेवण करत संध्याकाळी परत येता येतं. नारळाची झाडं इतकी की कोकणातल्या माणसाला परकं वाटत नाही. चावेंगचा किनारा गजबजलेला आणि पोहायला चांगला, माएनामचा शांत. बोफुतच्या जुन्या कोळीवाड्यात संध्याकाळी फिरायला जा. दक्षिण आणि पश्चिमेकडच्या काही किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी फार उथळ होतं, त्यामुळे तिथलं हॉटेल स्वस्त दिसलं तर त्याचं कारण हे असू शकतं.

स्कूटरबद्दल दोन्ही बेटांसाठी एकच सांगणं. तिथेही डावीकडूनच चालवतात, म्हणून आपल्याला सोपं वाटतं. पण दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढल्याशिवाय घेऊ नका. तो नसताना अपघात झाला तर प्रवास विम्याचे पैसे मिळणं कठीण होतं, आणि बँडेज बांधलेले पर्यटक दोन्हीकडे रोज दिसतात.

जेवणावर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या अनेक घरांत निर्णय तिथेच अडतो. माझी आई माळकरी. कांदा-लसूणही खात नाही. थाई स्वयंपाकात माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, मिठासारखा पडतो. भाजीत ऑयस्टर सॉस, चटणीत कोळंबी. ‘व्हेज’ म्हटलं तरी हे सगळं राहतं, कारण त्यांच्या हिशेबी ते मांस नाही. उपाय एका शब्दात आहे: ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतलं हे जेवण. मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं अक्षर असतं, ते शोधायचं. ‘किन जे’ म्हटलं की लगेच कळतं. ‘मांगसविरात’ हा दुसरा शब्दही शाकाहारीच, पण त्यात अंडं आणि लसूण चालतं.

इथे फुकेतचं पारडं जड आहे. कथिलाच्या खाणींमुळे आलेल्या चिनी लोकांची तिथे जुनी वस्ती आहे आणि जुन्या फुकेत शहरात ‘जे’ जेवणाच्या खानावळी आहेत. आईने तिथे सलग तीन दिवस एकाच ठिकाणी भात, टोफू आणि पालेभाजी समाधानाने खाल्ली. दरवर्षी नऊ दिवसांचा मोठा शाकाहारी उत्सवही फुकेतला होतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे पुष्कळ वर्षी आपलं नवरात्रच. तेव्हा रस्तोरस्ती ‘जे’ जेवण मिळतं. पण मिरवणुकीत भक्त गालातून सळ्या आरपार काढून चालतात, लहान मुलांना हे आधी सांगून ठेवा. समुईला भारतीय हॉटेलं आहेत, पण तिथे मी खोलीत स्वयंपाकाची सोय असलेली जागा घेतली होती आणि ते बरं झालं.

समुद्रातल्या सहली दोन्हीकडून उत्तम, चव वेगळी. फुकेतहून फी फी आणि सिमिलान ही बेटं. सिमिलान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. फी फीमधला माया बे २०१८मध्ये पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ मेल्यामुळे बंद केला आणि २०२२च्या जानेवारीत पुन्हा उघडला. आता तिथे पोहू देत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं. पावसाळ्यात फुकेतला अडकलातच तर फांग ङा आखातात जा. ते आत वळलेलं असल्याने पाणी शांत असतं. चुनखडीचे सुळके, गुहांतून जाणाऱ्या छोट्या होड्या आणि खांबांवर उभं असलेलं को पानयी हे मुस्लिम कोळी गाव, हे सगळं ढगाळ दिवशी अधिकच चांगलं दिसतं. समुईहून आंग थोंग हा बेटांचा समूह आणि प्रवाळ बघायला को ताओ. डायव्हिंग शिकायचं असेल तर थेट को ताओलाच मुक्काम करा. गुडघे किंवा पाठ दुखत असलेल्यांनी कुठल्याही स्पीडबोटीत बसू नये, लाटांवर ती आपटते. मोठी बोट निवडा, वेळ जास्त लागला तरी.

समुईच्या बाबतीत एक गोष्ट मुलांच्या आईवडिलांनी नक्की लक्षात ठेवावी. आखातात बॉक्स जेलीफिश आढळतो. त्याचा डंख क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात, पोहोचल्याबरोबर त्या कुठे आहेत ते बघून ठेवा. डंख झाला तर चोळायचं नाही, व्हिनेगर ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला.

राहिली दिवाळी, आणि तीच अवघड. ऑक्टोबरात आली तर फुकेतचा पाऊस सरलेला नसतो आणि समुईचा सुरू होत असतो. त्या वर्षी मी दोन्ही बेटं टाळेन. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे गणित बदलतं. माझ्या मावसबहिणीने हेच वर्ष धरलंय. तिला मी सांगितलं, भाऊबीज आटोपून नोव्हेंबरच्या मध्यावर फुकेतला जा, कातामध्ये राहा, एखादी सर येईल त्याची तयारी ठेव. व्हिसाचे नियम मध्यंतरी बरेचदा बदललेत, ते तिकीट काढायच्या आधी थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर बघ. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, इथूनच डबीवरचं वाचून घे. आणि थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भर. ते फुकट आहे, कुठल्या साइटने पैसे मागितले तर ती साइट बंद कर.