मांडवासाठी घेतलेले दोन मोठे कूलर : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लग्नसमारंभांत वापरतात तसे दोन मोठे कूलर विकत घेतले. निमित्त धाकट्या मुलीच्या लग्नाचे होते. लग्न कार्यालयात न करता मखमलाबादच्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मांडव घालूनच करायचे, हा तिचा हट्ट. आणि मुहूर्त निघाला तो एप्रिलच्या अखेरीस दुपारी 12 वाजून 27 मिनिटांचा. गोरज मुहूर्त मिळाला असता तर एवढी यातायात करावी लागली नसती, कारण नाशिकला दिवस मावळला की वारा सुटतो आणि एप्रिलमध्येही रात्री अंगणात सुखाने बसवते. पण साडेतीनशे पाहुणे, चाळीस बाय ऐंशी फुटांचा मांडव आणि डोक्यावर भर दुपारचे ऊन, असा सगळा योग जुळून आला होता.

मंडपवाल्यांनी एसीचाही पर्याय सुचवला होता. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. साडेतीनशे माणसांची मिळून ती 35 किलोवॉट होते, म्हणजे नुसती माणसांची उष्णता काढायलाच दहा टनांचा एसी लागेल. कापडी छतातून आणि उघड्या बाजूंनी येणारी उष्णता वेगळीच. त्यासाठी मांडव चारही बाजूंनी बंद करावा लागणार आणि जनरेटरही तेवढाच मोठा आणावा लागणार. तो विचार आम्ही तिथेच सोडला.

कूलरचे भाडे दिवसाला प्रत्येकी 1,500 रुपये सांगितले गेले. आम्ही घेतलेला कूलर 24,000 रुपयांना पडला. केवळ लग्नासाठी म्हणून घ्यायचा झाल्यास हा व्यवहार तोट्याचाच आहे, हे आधी स्पष्ट करतो. आमच्या घराचा स्लॅब मे महिन्यात रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, शिवाय भाऊबंदांत दरवर्षी एखादे कार्य ठरलेलेच, म्हणून दोन विकत घेतले आणि लग्नाच्या दोन दिवसांसाठी आणखी दोन भाड्याने आणले. आमच्या कूलरचे अंग प्लॅस्टिकचे, टाकी 120 लिटरची, तिन्ही बाजूंना हनीकोंब पॅड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे. भाड्याचे दोन्ही जुने, पत्र्याचे आणि गवत भरलेले होते.

खरेदीपूर्वी मी एक साधा प्रयोग केला, तो कूलर घेणाऱ्या प्रत्येकाने करावा असा आहे. दोन साधे तापमापक घेतले, एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळली आणि दोन्ही सावलीत वाऱ्याला टांगले. दुपारी दोन वाजता कोरडा 38 अंश दाखवत होता आणि ओला 22. या दोन आकड्यांतले अंतर हीच कूलरची सगळी पुंजी असते. ओल्या तापमापकाच्या खाली कोणताही साधा कूलर हवा नेऊ शकत नाही आणि चांगल्या पॅडचा कूलर या अंतरापैकी साधारण तीन चतुर्थांश मजल मारतो. नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारची हवा कोरडी असते म्हणून हे अंतर पंधरा-सोळा अंशांपर्यंत जाते. आमचे व्याही अलिबागचे आहेत. त्यांनी कूलर पाहताच, “अहो, आमच्याकडे कूलर म्हणजे नुसता ओला वारा,” असे हसत सांगितले होते, आणि समुद्रकाठी ते खरेच आहे.

आता लग्नाच्या आदल्या दिवशी झालेली चूक सांगतो, कारण ती आमच्याकडे झाली तशी बहुतेक ठिकाणी होत असावी. हळदीच्या कार्यक्रमासाठी मंडपवाल्यांच्या मुलांनी, थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून, तिन्ही बाजूंचे पडदे सोडले आणि चारही कूलर आतच उभे करून सुरू केले. पहिली दहा मिनिटे सर्वांना छान वाटले. अर्ध्या तासाने मात्र बायकांच्या कपाळावरचा घाम वाळेना, कागदी पत्रावळी सादळल्या आणि हळद लावून घेणाऱ्या मुलीची आत्या “अरे, हे न्हाणीघर झालंय” म्हणत बाहेर निघून गेली. कारण उघड होते. कूलर आतलीच दमट झालेली हवा पुन्हापुन्हा ओढत होते आणि तिच्यात आणखी पाणी मिसळत होते. कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि त्याने आत सोडलेल्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट पाहिजे. एसीच्या सवयीने आपण नेमके याच्या उलट करतो.

त्याच रात्री मांडणी बदलली. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून चारही कूलर पश्चिमेच्या कनातीबाहेर ओळीने उभे केले, कनातीला त्यांच्या तोंडापुरती खिडकी कापली आणि पूर्वेची बाजू पूर्ण मोकळी सोडली. कूलरच्या पॅडवर ऊन पडू नये म्हणून वर शेडनेट ताणली. मंडपवाले कनात कापायला राजी नव्हते. तिचे पैसे भरून द्यावे लागले.

छताविषयीही थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मांडवाला वर ताडपत्री आणि खाली पांढरे कापड असते. उन्हात ताडपत्री एवढी तापते की तिची धग खाली बसलेल्या माणसाच्या टाळूला जाणवते, आणि ही धग कूलरच्या वाऱ्याने जात नाही. आमच्या एका द्राक्षबागायतदार नातेवाइकांकडे रोपवाटिकेची 75 टक्के सावलीची हिरवी शेडनेट पडून होती. ती ताडपत्रीच्या वर, दीड-दोन फूट मोकळी जागा सोडून, बांबूंवर ताणली. ताडपत्रीला चिकटवून टाकली असती तर फारसा उपयोग झाला नसता. मधून वारा खेळला पाहिजे. दुपारी एक वाजता नेट असलेल्या भागात खालच्या कापडाला हात लावला तर ते कोमट लागत होते, आणि कोपऱ्यात जिथे नेट पुरली नव्हती तिथे ते इस्त्री नुकतीच फिरवल्यासारखे गरम होते. या सगळ्या खटाटोपात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असे कोणी विचारले, तर मी कूलरआधी या नेटचे नाव घेईन.

लग्नाच्या दिवशी साडेबाराला बाहेर सावलीत 39 अंश होते. आमच्या कूलरच्या तोंडाशी 27, दहा फुटांवर 30 आणि पंचवीस फुटांवर 33. त्यापलीकडे नुसत्या फर्राटा पंख्यांवर बसलेल्यांकडे 36. म्हणजे कंपनीने खोक्यावर छापलेल्या ‘1,000 चौरस फूट’ या दाव्यापैकी माणसे गच्च बसलेल्या उघड्या मांडवात निम्माच धरावा. वयस्कर मंडळींच्या खुर्च्या आम्ही कूलरपासून दहा-बारा फुटांवर, पण झोताच्या थोड्या बाजूला ठेवल्या होत्या, कारण अंगावर थेट झोत आला की तासाभरात मान धरते. व्याही आपली खुर्ची उचलून कधी त्या रांगेत येऊन बसले, ते कळलेच नाही.

दोन उणिवा मात्र त्याच दिवशी लक्षात आल्या. पहिली आवाजाची. चारही कूलर पूर्ण वेगात असताना गुरुजींना माईकवरूनही मंगलाष्टके खेचून म्हणावी लागली. शेवटी पुढचे दोन कूलर मंद वेगावर आणले आणि अंतरपाट दूर होताच पुन्हा वाढवले. दुसरी पाण्याची. टळटळीत दुपारी एक कूलर तासाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो. 120 लिटरची टाकी चार तासांत तळ गाठते आणि पाणी संपलेला कूलर मांडवात उलट गरम वारा मारू लागतो. त्यामुळे एक मुलगा पाइप घेऊन केवळ या कामासाठी नेमावा लागला. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरताच पाणी आपोआप बंद करणारी तोटी आहे, परंतु त्याच्यापर्यंत नळ आणणे परसदारी सगळ्यांना जमेलच असे नाही.

टाकीत बर्फ टाकण्याचा आग्रह आचाऱ्यापासून मामांपर्यंत सर्वांनी केला. एक किलो बर्फ वितळताना साधारण 80 किलोकॅलरी उष्णता घेतो, तर एक लिटर पाणी हवेत उडताना 580 च्या आसपास. म्हणजे पंचवीस किलोची लादी जे काम करते, ते साडेतीन लिटर पाणी फुकट करते, आणि तेवढे पाणी कूलर सात-आठ मिनिटांतच उडवतो. शिवाय थंड झालेल्या पाण्याने पॅडवरचे बाष्पीभवनही मंदावते. मामांच्या समाधानासाठी एक लादी टाकली; ती निळसर होती, म्हणजे पन्ह्यात घालण्याजोगी नव्हतीच. अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक आहे, हे पुष्कळ यजमानांना ठाऊक नसते. पन्हे आणि मठ्ठा आम्ही माठांतच ठेवले होते, वाळ्याची जुडी टाकून, आणि ते पुरेसे गार होते.

फवाऱ्याचाही प्रयोग करून पाहिला. द्राक्षबागेतल्या औषधफवारणीच्या एचटीपी पंपाला बारीक फॉगर लावून मांडवाच्या कडेने धुके सोडावे, अशी पुतण्याची कल्पना होती. चाचणीच्या वेळी गारवा फार सुरेख आला, पण वारा फिरला आणि पत्नीच्या येवल्याच्या पैठणीवर बारीक थेंबांचे डाग उमटले. पंप तत्काळ बंद झाला. लग्नाच्या दिवशी तो गाड्या लावायच्या वाटेवर ठेवला. उन्हातून चालत येणाऱ्यांना तिथे बरे वाटत होते आणि तक्रार कोणाची आली नाही.

विजेची एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. भाड्याच्या पत्र्याच्या कूलरला हात लावताच आमच्या भाच्याला चुणचुण जाणवली. वायरीचा सांधा ओल्या गवतात पडलेला होता आणि अर्थिंगची तार कोणी जोडलीच नव्हती. वायरमनने ती जोडून दिली आणि घराच्या बोर्डावरून 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमार्फत (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) स्वतंत्र लाइन ओढली, तेव्हा कुठे मी तो कूलर सुरू करू दिला.

लग्नानंतरचा वापर थोडक्यात. मे महिनाभर दोन्ही कूलर रोज चालले, एक गच्चीकडच्या खोलीच्या खिडकीत आणि एक ओसरीत. कोरड्या हवेत त्यांच्याविषयी काहीही तक्रार नाही. महिनाअखेरीस मात्र पॅडवर पांढरी पुटे चढली, कारण आम्ही बोअरचे पाणी वापरत होतो. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून टाकीतले उरलेले पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडून द्यावे लागते. लिंबूसत्वाच्या पाण्याने पॅड धुतल्यावर निम्मा थर निघाला, आणि पुढे आम्ही नळाच्या पाण्यावर आलो. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर कोरड्या आणि ओल्या तापमापकांतले अंतर पाच-सहा अंशांवर आले, तेव्हा पाण्याचा पंप बंद करून कूलर नुसता पंखा म्हणून वापरला. पावसाळ्यात टाकी कोरडी करून ठेवणे आवश्यक आहे. साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात.

तक्रार एकच, पण मोठी आहे. जुलैत एका कूलरचा पाण्याचा पंप जळाला. वॉरंटी असूनही सेवा केंद्राने तीन आठवडे आज-उद्या करण्यात घालवले. अखेर बाजारातून 450 रुपयांचा पंप आणून वायरमनकडून बसवून घेतला, आणि तो अजून व्यवस्थित चालतो आहे. चाके गुळगुळीत फरशीसाठी बनवली असावीत. आमच्या काळ्या मातीत ती रुतली आणि एकाचा खिळा वाकला. मांडवात वापरायचे असल्यास खाली फळ्या टाकाव्यात.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चुलतभावाकडे साखरपुडा झाला, त्यासाठी दोन्ही कूलर आडगावला नेले. ऊन कडक असले तरी जमीन अजून ओली होती. बाहेर 33 अंश असताना तोंडाशी 27 मिळाले आणि शंभर माणसांना ते पुरले. या वेळी पूर्वेचा पडदा मी स्वतःच आधी काढून घेतला.

सध्या पॅड उन्हात वाळवून कूलर गोणपाटात गुंडाळून ठेवले आहेत. पुढच्या एप्रिलसाठी पुतण्याने ते आत्ताच मागून ठेवले आहेत. पॅडचा नवा संच त्याच्या खर्चाने, असे ठरले आहे.