घरचं व्हीगन चायनीज: कँटनीज पद्धत धरावी की सिचुआन?

घरात कोणी व्हीगन झालं की चायनीजचा प्रश्न लवकरच येतो, आणि मग बहुतेक घरांत गाडीवरचंच चायनीज करायला घेतात, म्हणजे सोया सॉस, रेड चिली सॉस, व्हिनेगर, कोबी-गाजर-सिमला मिरची आणि वरून कॉर्नफ्लोअर. मला ते आवडतं, मुलांनाही आवडतं, पण खरं सांगायचं तर त्यात कुठलीही भाजी घाला, चव एकच येते, आणि पनीर-अंडं काढून टाकलं की ती चव अजूनच सपाट होते. चीनमधल्या घरांत रोज जे शिजतं ते फार वेगळं आहे. तिथल्या बहुतेक भागांत दूध-तूप-लोणी स्वयंपाकात येतच नाही, सोयाबीनचे पदार्थ ढिगाने आहेत, आणि साध्या परतलेल्या भाज्या रोजच्या जेवणात असतात, त्यामुळे व्हीगन करायचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. उरतो तो मांसाचा खिमा, चरबी आणि सॉसमधले लपलेले मासे-शिंपले.

मग सुरुवात कुठून करायची? चीन केवढा मोठा, पण घरी शिकायला दोन पद्धती सगळ्यात सोप्या पडतात, कँटनीज आणि सिचुआन. दोन्ही एकदम करायला गेलात तर शेल्फभर बाटल्या होतात आणि निम्म्या तशाच पडून राहतात, म्हणून एक निवडा. माझं मत आधीच सांगते: एखादी बरणी विकत घ्यायची तयारी असेल तर सिचुआन धरा, चांगल्या सोया सॉसपलीकडे नवीन काही आणायचं नसेल तर कँटनीज.

कँटनीज म्हणजे ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँगकडचं जेवण. सगळा भर भाजीच्या ताजेपणावर, मसाला जवळजवळ नाहीच, लसूण, आलं, मीठ, चिमूटभर साखर, थोडासा लाईट सोया (म्हणजे खारट सोया सॉस), संपलं. आपल्या जिभेला पहिल्या दिवशी हे फिकं वाटतं हे मान्य, पण कोवळी पालेभाजी दीड मिनिटात लसणावर परतली की तिचा जो हिरवा गोडवा लागतो तो तिखट-मसाल्याखाली कधी कळतच नाही. बॉक चॉय ही चिनी पालेभाजी आता मोठ्या शहरांत मिळते पण तिच्यासाठी अडून बसायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारी नाळीची भाजी हीच तिकडची पाणपालक, दक्षिण चीनमध्ये ती घरोघरी खातात. देठ पोकळ असतात म्हणून भरकन शिजते, आधी देठ टाका, अर्ध्या मिनिटाने पानं, आणि पानं मान टाकायला लागली की लगेच उतरवा. तिकडे यात आंबवलेल्या टोफूच्या एक-दोन वड्या कुस्करून घालतात, त्यांच्याच खारट पाण्यासकट, आणि ती चव इतकी भरदार येते की या भाजीत दुसरं काही घालावंसंच वाटत नाही. हा टोफू ऑनलाइन मिळतो, मात्र काही बरण्यांत तांदळाची दारू असते, ज्यांना चालत नाही त्यांनी लेबल वाचावं.

कँटनीजमध्ये दोन अडचणी आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली ऑयस्टर सॉसची, म्हणजे शिंपल्यांपासून केलेल्या सॉसची. ग्वांगडाँगमध्ये १८८८ साली ली कुम शेउंग यांनी तो बनवला असं सांगतात, आणि आज तिकडच्या साध्या उकडलेल्या पालेभाजीवरही तोच ओततात, त्यामुळे हॉटेलात 'फक्त भाजी' मागवली तरी ती व्हीगन असेलच असं नाही. घरी त्याच्या जागी मशरूमचा व्हेज सॉस मिळतो, किंवा नुसता सोया, साखर आणि सुक्या मशरूमचं पाणी थोडं आटवून घातलं तरी छान होतं.

दुसरी अडचण आचेची. कँटनीज परतणं म्हणजे मोठा जाळ, कढई धूर निघेपर्यंत तापलेली, भाजी दोन मिनिटांत बाहेर. आपल्या घरच्या बर्नरला हॉटेलच्या भट्टीचा जोर नसतो, त्यात भाजी भरपूर टाकली की ती परतायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजायला लागते. उपाय एकच, कमी भाजी घ्या, एका वेळी पाव किलो, आणि धुतल्यावर अगदी कोरडी करा. चार माणसांसाठी दोनदा परतावं लागतं, लागू दे. लोखंडी किंवा बिडाची कढई हवी, नॉनस्टिक एवढ्या तापवायच्या कामाचं नाही. इंडक्शनवाल्यांनी आणि हॉस्टेलच्या छोट्या शेगडीवाल्यांनी मात्र परतायच्या फंदात न पडता उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून भाजी मिनिटभर बुडवून काढावी आणि वरून गरम तेलातला लसूण आणि सोया ओतावा, हीसुद्धा अस्सल घरगुती पद्धत आहे.

आता सिचुआन, म्हणजे नैऋत्य चीनमधल्या त्याच नावाच्या प्रांताचं जेवण. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण व्हीगन खाणाऱ्याला सगळ्यात जास्त देणारी पद्धत हीच आहे असं मला मनापासून वाटतं. या पद्धतीचा जीव दौबानजियांगमध्ये आहे. ही लालभडक, तेलकट, जाडसर चटणी फावा नावाच्या शेंगांचे मोठे दाणे, मिरच्या, मीठ आणि थोडं गव्हाचं पीठ असं आंबवून करतात, आणि सिचुआनची राजधानी छंगदू, तिच्याजवळच्या पीशियानची सगळ्यात नावाजलेली, चांगली असेल तर वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवलेली. मांसाने जो भरीवपणा येतो तो इथे या आंबवण्यातून येतो, म्हणून खिमा काढून टाकला तरी पदार्थ पोकळ होत नाही. कँटनीजमध्ये ऑयस्टर सॉस काढला की त्याची जागा भरावी लागते, इथे तसं काही करावंच लागत नाही, दोन पद्धतींमधला खरा फरक मला हाच वाटतो.

उदाहरण म्हणजे मापो टोफू, एकोणिसाव्या शतकातला छंगदूचा पदार्थ, मुळात त्यात बीफचा खिमा असतो. घरी असा करा. तीन-चार सुके शिताके मशरूम थंड पाण्यात काही तास भिजवा, पाणी फेकू नका, मशरूम अगदी बारीक चिरा. ३०० ग्रॅम टोफूचे मोठे चौकोनी तुकडे मिठाच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, त्याने कच्चा वास जातो आणि तुकडे मोडत नाहीत. कढईत तीन चमचे तेल, मंद आच, आणि त्यात दीड चमचा दौबानजियांग. इथेच घाई करायची नाही! चटणी करपली की कडू होते आणि कच्ची राहिली की नुसती खारट लागते, ती हळूहळू परतत राहा, एका क्षणी तेल सुटून लाल होतं, आपल्या रश्श्याला तवंग येतो ना तसं, तेव्हा आलं-लसूण, मग मशरूम, मग मशरूमचं पाणी एक कप. टोफू सोडा, पाच मिनिटं हलके उकळू द्या, चमच्याने ढवळू नका, कढई हलवा. कॉर्नफ्लोअरचं पाणी दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला म्हणजे रस टोफूला धरून राहतो. मीठ घालायचं नाही, चटणीतच भरपूर असतं. आणि या सगळ्याला मोठा जाळ लागत नाही, त्यामुळे साध्या गॅसवर, इंडक्शनवर, नॉनस्टिकमध्ये, कुठेही होतं.

एवढी एक बरणी आणली की तीच चटणी वांग्याला चालते (वांगी लांबट कापून तेलात मऊ करून घ्या, मग चटणी, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर), फरसबीला चालते, बटाट्याला चालते. फ्रिजमध्ये कोरड्या चमच्याने वापरली तर महिनोनमहिने राहते. घेताना तयार 'मापो सॉस'ची पाकिटं मात्र टाळा, त्यांत बऱ्याचदा मांस असतं, आणि चिली ऑइलच्या बरण्यांतही काही प्रकार चिकनचे असतात.

मापोवर शेवटी भुरभुरतात ती सिचुआन मिरीची पूड, ज्याने जीभ झिणझिणते. आता कोकण-गोव्याकडच्या लोकांना ही झिणझिण नवीन नाही, कारण बांगड्याच्या आमटीत पडणारं आपलं तिरफळ त्याच कुळातलं आहे, झँथोझायलम. दोन्हीत आतली काळी बी टाकून द्यायची आणि साल वापरायची. वास थोडा वेगळा येतो, तिरफळाचा जास्त रानटी, पण ते कोरडं हलकं भाजून कुटून अगदी चिमूटभर घातलं तर पदार्थ नक्की जमतो, त्यामुळे सिचुआन मिरी मिळाली नाही म्हणून कोणी थांबू नये. आजीच्या डब्यात बघा आधी.

बरणी घ्यायची की नाही हे ठरत नसेल तर त्याआधी एक पदार्थ करून बघा ज्याला काहीच विकत आणावं लागत नाही आणि जो मुळातच व्हीगन आहे, आंबट-तिखट बटाट्याचे काप. चीनमध्ये हा खूप ठिकाणी घरी करतात. बटाटा आगकाडीएवढा बारीक कापायचा, दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, पाणी नितळ होईपर्यंत, कारण स्टार्च राहिला की सगळं चिकट होतं. मग गाळून कोरडं करा. तेलात सुक्या मिरच्या आणि दोन तिरफळं, ती काळी व्हायच्या आत लसूण, लगेच बटाटा, गॅस मोठा, दोन-तीन मिनिटं परतायचं, कडेने व्हिनेगर सोडायचा, मीठ, उतरवायचं. बटाटा कुरकुरीतच राहायला हवा, आपल्याला वाटतं कच्चा राहिला, तसा नाहीये तो. व्हिनेगर थोडा आधी घातला तर कुरकुरीतपणा आणखी टिकतो, आंबटात बटाटा लवकर मऊ पडत नाही. हा आवडला तर सिचुआन आवडणारच.

सोया सॉसबद्दल, कारण दोन्ही पद्धतींना तो लागतोच. लाईट म्हणजे खारटपणाचा, डार्क म्हणजे रंगाचा. आपल्या किराणा दुकानात बहुतेक वेळा डार्कच असतो आणि आपण तोच सगळीकडे ओततो, मग पालेभाजी काळी आणि गोडसर. कँटनीज करणार असाल तर नैसर्गिक आंबवलेला लाईट सोया घ्याच, लेबलवर पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असलेला, कारण त्या साध्या भाजीत सॉसची चव लपायला जागा नसते. सिचुआनमध्ये साधा चालून जातो. अजिनोमोटोविषयी पण विचारतात लोक, तर ते व्हीगन आहे, १९०८ साली जपानमध्ये इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शैवालातून वेगळं काढलं होतं, आता ऊस-मक्यासारख्या पिकांपासून आंबवून करतात. शिताके असतील तर लागत नाही.

भात कुठला? बासमती नको. तिकडचा भात बिनमिठाचा, मऊ, एकमेकाला धरून राहणारा, त्याच्या जवळ आपला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर जातो.

तर कोणी काय घ्यावं. घरात लहान मुलं किंवा तिखट न खाणारी वडीलधारी असतील तर कँटनीज, सरळ. एकट्याने राहता, एकच भांडं, ऑफिसहून दमून येता, भातावर एकच दणदणीत पदार्थ हवा, तर सिचुआन. परदेशात आहात आणि जवळ एशियन दुकान आहे पण घरी इलेक्ट्रिक शेगडी आहे, तरी सिचुआनच, सामान मिळतंय आणि जाळ लागत नाही. गव्हाची अडचण असेल तर दोन्हीकडे जपून, सोया सॉस आणि दौबानजियांग दोन्हीत गहू असतो. अशांनी गहू नसलेला तामारी हा जपानी सोया सॉस घेऊन कँटनीज भाज्या कराव्यात.

आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना या दोन्हींपेक्षा तिसरी वाट जवळची आहे, चिनी बौद्ध मठांतली. तिथे सहाव्या शतकात लियांग राजघराण्यातल्या सम्राट वू याने भिक्षूंना मांस-मद्य सोडायला लावलं, आणि कांदा-लसणासारख्या पाच उग्र पदार्थांवरही बंदी असते, ज्यात चक्क हिंगही धरतात. त्यांची चव मशरूम, आलं, सोया आणि तिळाच्या तेलावर उभी असते. सोपं करायचं तर भिजवलेले शिताके, टोफू, गाजर, चायनीज कोबी आणि मुगाच्या शेवया मशरूमच्याच पाण्यात शिजवा, लाईट सोया घाला, गॅस बंद केल्यावर चमचाभर तिळाचं तेल. तेल भाजलेल्या तिळाचं घ्या, आपलं फोडणीचं नव्हे.