२०० मिमीचा ड्रॉपर पोस्ट, सहा फूट तीन इंच उंची आणि पितळेच्या तीन पिना

ड्रॉपर पोस्ट म्हणजे सायकल चालवता चालवता हँडलवरच्या लीव्हरने सीट वर-खाली करता येणारा सीटचा खांब. २०० मिमीचा म्हणजे सीट तेवढी खाली जाते. माझा पोस्ट वर-खाली झकास होतो. लीव्हर हलका आहे, केबलने कधी त्रास दिलेला नाही. तरीही या उन्हाळ्यात मी या पोस्टवर जितका चिडलो, तितका सायकलच्या दुसऱ्या कुठल्याच भागावर चिडलो नसेन. कारण एकच, सीट हलते. सीटचं टोक दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे दाबलं की "टक टक" असा आवाज यायचा. संभाजीनगरजवळच्या सारोळ्याच्या चढावर प्रत्येक पॅडलला ती टकटक मांडीला जाणवायची.

ड्रॉपरमध्ये थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच, हे मला माहीत आहे. एक नळी दुसऱ्या नळीत सरकायची म्हणजे मध्ये जागा ठेवावीच लागते. नव्या, महागड्या पोस्टलाही सीटच्या टोकाशी एक-दीड मिलिमीटर हालचाल असते आणि ती चालवताना कळत नाही. माझ्या पोस्टची हालचाल पावसाळा संपेपर्यंत तेवढीच होती. तेव्हा मित्र विचारायचे, तर मी ठामपणे सांगायचो की प्लेकडे लक्ष देऊ नका, घ्या. आज तसं सांगणार नाही. हिवाळ्यात ती दुप्पट झाली आणि मार्चपर्यंत एवढी वाढली की सीट वर असताना मागून येणाऱ्यालाही दिसायची.

ज्यांच्याकडून घेतला त्यांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "हे नॉर्मल आहे सर." परत पाठवला. मग उत्तर आलं, "आपली उंची आणि वजन पाहता एवढं होणारच." तिसऱ्यांदा फोन केला, तर म्हणाले पोस्ट काढून कुरिअर करा, खर्च तुमचा, तपासून सांगू, आतल्या पितळी पिना आमच्याकडे नसतात, मागवाव्या लागतील. कधी येतील, याला उत्तर नाही. उंच माणसाला २०० मिमीचा पोस्ट विकताना त्याची उंची दिसत होतीच की. ती तेव्हा विक्रीचा मुद्दा होती आणि वॉरंटीच्या वेळी तीच कारण झाली, याचा मला खरा राग आहे.

आता निवडीबद्दल, कारण उंच लोकांचा गोंधळ इथेच होतो.

माझी उंची १९० सेंमी, पायाची आतली लांबी ९१ सेंमी. जुना हिशेब आहे, आतली लांबी गुणिले ०.८८३. म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ८० सेंमी. फ्रेम एक्सएल, सीट ट्यूब (पोस्ट बसतो ती फ्रेमची उभी नळी) ४८ सेंमी. राहिले ३२. त्यातून रेलपासून (सीटखालच्या दांड्या) सीटच्या माथ्यापर्यंतचे साडेचार सेंमी काढले, की फ्रेमच्या तोंडापासून रेलपर्यंत साडेसत्तावीस सेंमी उरतात. पोस्टचं डोकं आणि कॉलर (खालच्या जाड नळीच्या तोंडावरची कडी) मिळून ५ सेंमी धरा. १५० चा पोस्ट घेतला तर २० सेंमी होतात, बाकीचे साडेसात सेंमी खालची जाड नळी फ्रेमबाहेर उभीच राहते. सीट पूर्ण खाली केली तरी ती साडेसात सेंमी उंचच असते, आणि उतारावर नेमकी तीच पोटात येते. २०० मध्ये हीच नळी फक्त अडीच सेंमी बाहेर राहते. शंभरवाले बरेच छोटे पोस्ट तर आमच्यासारख्यांना लावूच नयेत. सीट हव्या त्या उंचीवर नेली की फ्रेमच्या आत जेमतेम सात-आठ सेंमी उरतात आणि किमान खोलीची खूण बाहेर येते. तसं चालवलं तर सीट ट्यूब आणि टॉप ट्यूबच्या (फ्रेमची वरची आडवी नळी) वेल्डिंगपाशी फ्रेम तडकायची भीती असते. पोस्ट त्या जोडाच्या खालपर्यंत जायलाच हवा.

२०१० च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा रिव्हर्ब हा ड्रॉपर आला, तेव्हा १२५ मिमी भरपूर वाटायचे. आज बाईकयोकचा २१३ चा मिळतो, वनअपचा २४० पर्यंत जातो. आकडे वाढले ते आमच्या भल्याचेच आहेत. पण जो तो एकाच गोष्टीचं कौतुक करतो: पोस्ट किती आखूड, कॉलर किती बसकी, २०० मिमी किती कमी लांबीत बसवले. ही सगळी चिंता बुटक्या सीट ट्यूबवाल्यांची आहे. त्यांना फ्रेममध्ये जागा नसते. आम्हाला जागा भरपूर असते.

आणि प्लेचं मूळ इथेच आहे. आतली नळी दोन ठिकाणी धरलेली असते, एक बुश (आधार देणारी कडी) वर कॉलरपाशी आणि दुसरा खाली. पोस्ट पूर्ण वर असताना या दोन बुशांमध्ये जितकं अंतर, तितकी नळी घट्ट. पोस्ट आखूड करायचा म्हटलं की हे अंतर कमी करावं लागतं. आम्ही चढावर नेहमी पोस्ट पूर्ण वर ठेवून बसतो, वजन जास्त, तरफ लांब. शिवाय सीट ट्यूब मागे झुकलेली असल्यामुळे सीट जितकी वर, तितकी मागे जाते आणि सगळा भार मागच्या चाकावर आणि पोस्टच्या मागच्या अंगावर येतो. म्हणून उंच माणसाने एकूण लांबी जास्त असलेला पोस्ट शोधावा, कमी असलेला नव्हे. माझ्या ३१.६ मिमी व्यासाच्या मापात २०० मिमी म्हणून तेव्हा हा एकच मिळत होता. पुढच्या वेळी दोन-तीन सेंमी लांब मिळाला तर जास्त पैसे देऊन घेईन.

(सीट मागे जाते त्यावर एक उपाय लगेच करता येतो. सीट रेलवर सेंटीमीटरभर पुढे ओढा. म्हैसमाळच्या चढावर पुढचं चाक उचललं जायचं ते माझं तेवढ्याने थांबलं.)

आता पिना. आतली नळी गोल फिरू नये म्हणून तिच्यावर खाचा असतात आणि त्यात पितळेच्या छोट्या पिना बसतात. माझ्या पोस्टमध्ये तीन आहेत. सीट डावी-उजवीकडे हलते ती या पिना झिजल्यामुळे. कंपन्या मुद्दाम किंचित वेगवेगळ्या जाडीच्या पिना बनवतात, म्हणजे जुन्या झिजल्या की एक माप जाड टाकायची. भारतात त्या सुट्या मिळत असतील तर माझ्या विक्रेत्याला तरी माहीत नव्हतं.

शेवटी पोस्ट उघडला, पिना डबीत घातल्या आणि वाळूजला एका लेथवाल्या काकांकडे गेलो. एमआयडीसीत त्यांचं छोटंसं शेड आहे, बहुतेक काम मोटारसायकलच्या सुट्या भागांचं. त्यांनी पिन मायक्रोमीटरमध्ये धरली, मग भिंगाखाली पाहिली आणि म्हणाले, "एका अंगानंच झिजायलीय ही. तुम्ही बसताव तसं." मी विचारलं, स्टीलच्या केल्या तर टिकतील ना? ते म्हणाले, "नळी अॅल्युमिनियमची हाय ना सर? मग झिजायचं तर पितळानंच झिजावं. स्टील टाकलं तर खाच जाईल, मग काय करताव?" एवढं साधं, एवढं बरोबर उत्तर मला या पोस्टबद्दल कुणीच दिलं नव्हतं. त्यांनी तीन मापांचे तीन संच केले, मूळ जाडीपेक्षा दोन, तीन आणि पाच शतांश मिलिमीटर जाड. मजुरी १५० रुपये घेतली. मी जास्त देऊ लागलो तर घेतले नाहीत.

मधला संच बसला. सगळ्यात जाड संचाने पोस्ट अडकून चालत होता, पातळ संचाने टकटक थोडी उरत होती. आता सीट नव्यासारखी घट्ट आहे. काम झाल्यावर सुलीभंजनच्या दत्तमंदिराकडून खाली उतरलो, सुटा मुरूम, खाली बेसॉल्टच्या पायऱ्या. सीट पूर्ण खाली, अंग मागे, आणि सायकल पायांमध्ये मोकळी फिरते. १९० सेंमीच्या माणसाला हे सुख बाकी कुठलाही भाग देत नाही. चांगले टायर नाही, महागडा फोर्क नाही. २०० मिमीचा आग्रह मी म्हणूनच सोडणार नाही.

क्लॅम्पबद्दल, म्हणजे पोस्ट फ्रेममध्ये आवळून धरणाऱ्या कडीबद्दल, थोडं. उंच आणि वजनदार माणसाचा पोस्ट फ्रेममध्ये हळूहळू खाली सरकतो, मग दुकानदार क्लॅम्प करकचून आवळतात. ड्रॉपरच्या बाबतीत हा घात आहे. बाहेरची नळी किंचित चेपली की आतली अडखळते आणि पोस्ट सावकाश वर येऊ लागतो. लोक समजतात, पोस्ट वर ढकलणारी आतली कार्ट्रिज गेली. आधी क्लॅम्प ५ न्यूटन-मीटरवर आणा, नळीला कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी पेस्ट) लावा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमलाही ती चालते. एका मित्राचा "बिघडलेला" पोस्ट संभाजीनगरच्याच सातारा परिसरात खंडोबाच्या देवळाबाहेर दोन मिनिटांत असाच बरा झाला.

आतली कार्ट्रिज ऑफिसच्या खुर्चीतल्या गॅस लिफ्टसारखी आहे, दाबलेला वायू आणि तेल. पोस्ट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका आणि टेम्पोवाल्यालाही उचलू देऊ नका. तेलात वायू मिसळला तर सीट बसल्या बसल्या दबायला लागते. कार्ट्रिज सुटी बदलता येईल असाच पोस्ट घ्या. सीलबंद, न उघडणारा पोस्ट कितीही स्वस्त मिळाला तरी आपल्याकडे तो महागच पडतो.

धुळीचं काय करायचं, हे मात्र आपलं आपणच शिकावं लागतं. एप्रिल-मेचा आपला फुफाटा कॉलरच्या सीलवर बसतो आणि पोस्ट खाली गेला की आत ओढला जातो. पिना एवढ्या लवकर झिजल्या त्यात त्याचा वाटा आहे, असं काकांचंही मत पडलं. त्यांच्या बोटाला पिनेवरची करकर लगेच लागली. आता प्रत्येक राईडनंतर नळी कोरड्या फडक्याने पुसतो, आणि महिन्याकाठी कॉलर उघडून जुनं ग्रीस काढून नवं पातळ ग्रीस लावतो. चेनचं किंवा बेअरिंगचं घट्ट ग्रीस लावलं तर थंडीत सकाळी पोस्ट वर यायला वेळ लावतो. मागच्या चाकाचा मारा थेट कॉलरवर येतो, म्हणून सीटच्या रेलला जुन्या ट्यूबचा तुकडा पडद्यासारखा बांधला आहे. काळ्या मातीच्या चिखलात त्याने खूप फरक पडला.

कुणाला अशा पिना करून घ्यायच्या असतील तर माझं माप वापरू नका. प्रत्येक पोस्टची खाच वेगळी आणि झिजही वेगळी. आपली जुनी पिन घेऊन जा, ती न झिजलेल्या टोकाशी मोजायला सांगा आणि एका वेळी किमान दोन मापं करून घ्या. माझा पाच शतांशवाला संच टूलबॉक्समध्ये ठेवला आहे. सध्याच्या पिना झिजल्या की तो लागेल.